कडुलिंबाची फांदी अन् दम सोडणारं मशीन (सोसायटी ग्रुप, लातूर)

देशमुख (ए-201): नमस्कार. कालच्या वावधानात पडलेली फांदी अजून गेटातच आहे. माझी गाडी आत अडकली, ऑफिसला ऑटोनं आलो. मागच्या पावसाळ्यात प्रत्येकाकडून वर्गणी काढून चेनसॉ घेतलं ना आपण? मग ही वेळ का यावी, कमिटीनं सांगावं.

पाटील सेक्रेटरी (बी-102): देशमुख साहेब, कमिटी सकाळपासून फांदीपाशीच उभी आहे. मशीन एका दोरीत सुरू होतं, रिकामं फिरवलं की मस्त फिरतं. लाकडाला लावलं की दम सोडतं. आता कमिटीनं दातानं कापायचं का?

देशमुख (ए-201): मी फक्त विचारलं. 🙏

बिराजदार काका (सी-3): एक सांगा. लाकडात घातल्यावर इंजिन बसतं, की इंजिन पळतं अन् साखळी थांबते? दोन्ही आजार वेगळे आहेत.

जाधव वहिनी (बी-301): 🌹 शुभ सकाळ 🌹 आजचा दिवस आनंदाचा जावो

सूर्यवंशी सर (ए-302): मी दोन वर्षांपासून म्हणायलोय, ते झाडच काढून टाका. आमच्या गॅलरीत पाला, पाखरं, आता ही फांदी. मशीन आहेच तर एकदाच उरकून घ्या.

कुलकर्णी मॅडम (ए-101): सर, पडलेली फांदी वेगळी अन् उभं झाड वेगळं. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम 1975 चा आहे. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय उभ्या झाडाला हात लावता येत नाही. अन् 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हा धुण्याभांड्याचं पाणी घालून हा लिंब आम्ही जगवलाय. तुम्ही तेव्हा इथं राहायला आला नव्हता.

सूर्यवंशी सर (ए-302): राहायला उशिरा आलो म्हणून मेंटेनन्स कमी भरत नाही मॅडम.

बिराजदार काका (सी-3): इंजिन बसतं की साखळी थांबते? कोणीतरी सांगा.

स्वामी (बी-204): साखळी उलटी बसवली असंल 😂

बिराजदार काका (सी-3): उलटी असती तर कापलंच नसतं, नुसता धूर निघाला असता. इथं निम्मं कापून झालंय म्हणे.

पाटील सेक्रेटरी (बी-102): हे मशीन घेतानाच मी म्हणलो होतो, भाड्यानं आणू. पण तेव्हाच्या कमिटीला हौस.

देशमुख (ए-201): तेव्हाच्या कमिटीत तुम्ही खजिनदार होतात.

हा मेसेज डिलीट करण्यात आला.

शेख भाई (सी-201): भाऊ, भांडण नंतर करा. पेट्रोल कवाचं आहे त्यात? मिक्स केलेलं पेट्रोल महिनाभरात वापरून संपवायला पाहिजे. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं मिळतं, ते हवेतली ओल धरतं. जास्त ओल झाली की पाणी अन् इथेनॉल खाली बसतं, वरचं वर राहतं. मग मशीन चालू तर होतं, पण जोर धरत नाही.

स्वामी (बी-204): आमच्याच उसाचं इथेनॉल, आमच्याच मशीनला बाधायलं 😂😂

ओंकार (सी-104): काका, मीच चालवायलोय मशीन. पेट्रोल स्टोअर रूममधल्या कॅनमधलं, गणपतीच्या आधीचं आहे बहुतेक.

शेख भाई (सी-201): ते काढून टाक पहिलं. नवीन पेट्रोल आण, लिटरला 20 मिली टू-टी ऑइल. म्हणजे 50 ला 1. तरी मशीनच्या पुस्तकात काय लिहिलंय बघ, काही मशीनला 25 ला 1 लागतं, म्हणजे 40 मिली. अंदाजानं ओतू नको.

पाटील सेक्रेटरी (बी-102): पुस्तक मागच्या खजिनदाराकडं असंल.

देशमुख (ए-201): 🙏🙏 म्हणजे तुमच्याकडंच.

बिराजदार काका (सी-3): ओंकार, तू सांग. इंजिन बसतं की साखळी थांबते?

ओंकार (सी-104): सॉरी काका, आत्ता बघितलं. इंजिनच बसतं. आवाज भर्रर वरून घर्रर होतो, उचलून धरलं की परत पळतं.

बिराजदार काका (सी-3): शाबास. म्हणजे क्लच घसरत नाही. क्लच गेला असता तर इंजिन बोंबलत राहिलं असतं अन् साखळी जागच्या जागी. आता चोक बघ, अर्धवट ओढलेला राहिलाय का. नसंल तर मशीन बंद कर, थंड होऊ दे, मग टाकीचं झाकण उघड. सुस्स आवाज येतो का? आला तर टाकीची हवा घ्यायची वाट तुंबलीय. थोडा वेळ चालून दम सोडायचं तेही एक कारण असतं. गरम मशीनवर टाकी उघडू नको.

जाधव वहिनी (बी-301): ओंकार बाळा, चप्पल घालून कापायलास का? वरून दिसायलंय मला. बूट घाल आधी. अन् डोळ्याला काहीतरी लाव.

ओंकार (सी-104): घातले काकू. चोक बरोबर आहे. आवाज नाही आला.

बिराजदार काका (सी-3): मग एअर फिल्टर. मागचं झाकण काढ, फोटो टाक.

ओंकार (सी-104): 📷 फोटो

शेख भाई (सी-201): अरे बाप रे.

बिराजदार काका (सी-3): हे बघा सगळ्यांनी. जाळी दिसतच नाही, ओला भुसा अन् तेलाचा थर बसून वाळलाय. ह्याच्यातून श्वास कसा घेणार ते? हवा कमी, पेट्रोल जास्त, प्लग पण काळा पडला असंल. रिकामं फिरताना चालून जातं, लाकडाचा भार आला की उघडं पडतं. ब्रशनं झटक, साबणाच्या पाण्यात धू, पूर्ण वाळल्याशिवाय लावू नको. फिल्टर न लावता तर अजिबात चालवू नको, भुसा पिस्टनवर जाईल.

सूर्यवंशी सर (ए-302): म्हणजे वर्षभरात कोणी झाकण उघडून बघितलं नाही. छान.

पाटील सेक्रेटरी (बी-102): सर, तुम्हीही सभासद आहात. पाना सगळ्यांच्या हाताला बसतो.

ओंकार (सी-104): धुतला, उन्हात वाळवला. नवीन पेट्रोल पण भरलं. आधीपेक्षा खूप बरं आहे, पण जाड भागात अजून अडतंय. दाबावं लागायलंय.

बिराजदार काका (सी-3): दाबायचं नाही. धार असलेली साखळी स्वतः आत ओढून घेते. भुसा कसा पडतोय?

ओंकार (सी-104): पिठासारखा बारीक. अन् मघाशी एकदा ठिणग्या उडाल्या.

बिराजदार काका (सी-3): ठिणग्या? लाकडात लोखंड आहे. धार गेली साखळीची. ढलप्या पडायला पाहिजेत, पीठ नाही.

कुलकर्णी मॅडम (ए-101): गणपतीच्या लायटिंगला त्याच फांदीत खिळे ठोकले होते. मी तेव्हाच नको म्हणले होते. मंडळ कोणाचं होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

सूर्यवंशी सर (ए-302): उत्सव सगळ्या सोसायटीचा होता. प्रसाद तुम्हीही घेतलात.

कुलकर्णी मॅडम (ए-101): प्रसाद घेतला, खिळे नाही ठोकले.

स्वामी (बी-204): लायटिंगचे अन् चेनसॉचे, दोन्ही खर्च एकाच हेडला टाका 😂

पाटील सेक्रेटरी (बी-102): स्वामी, प्लीज.

देशमुख (ए-201): संध्याकाळपर्यंत गाडी निघेल का एवढंच सांगा.

शेख भाई (सी-201): निघेल. गंजगोलाईच्या बाजारातून साखळीला धार लावायला गोल कानस आणायला माणूस पाठवलाय. ओंकार, साखळी फिरते त्या पट्टीवर किंवा साखळीच्या डब्यावर पिच, म्हणजे कड्यांचं इंचातलं माप, लिहिलेला असतो, तो सांग. तीन अष्टमांश लो-प्रोफाइल असंल तर 4 मिलीमीटरची कानस, .325 असंल तर 4.8 ची.

ओंकार (सी-104): .325 आहे.

बिराजदार काका (सी-3): मी खाली येतोय. प्रत्येक दाताला सारखेच हात मारायचे, कानस आतून बाहेर एकाच दिशेनं, ओढून घासायची नाही. एका बाजूचे दात जास्त घासले तर पट्टी वाकडी चालते. अन् साखळीला जळकं ऑइल कोणी घातलं? पट्टीचं भोक तुंबलंय त्यानं, साखळी कोरडी चालायलीय. घट्ट पण फार केलीय. हातानं ओढली की सहज फिरायला पाहिजे.

पाटील सेक्रेटरी (बी-102): ऑइल मी दिलं होतं. गाडीचं निघालेलं. काटकसर म्हणून.

देशमुख (ए-201): 🙏

ओंकार (सी-104): 🎤 व्हॉइस मेसेज

जाधव वहिनी (बी-301): ढलप्या उडायल्यात! वरून दिसायलंय. ओंकार, चहा ठेवलाय, काकांना पण घेऊन ये.

सूर्यवंशी सर (ए-302): लाकूड कोण नेणार आहे? आमच्या गावी लग्न आहे, चुलीला चाललं असतं.

कुलकर्णी मॅडम (ए-101): खिळे काढून न्या.

पाटील सेक्रेटरी (बी-102): गेट मोकळं झालंय, देशमुख साहेबांनी गाडी काढून घ्यावी. खिळ्यापाशी ओंकारनं खडूनं खूण केलीय, तिथं उद्या हाताच्या करवतीनं कापू. कॅनमधलं जुनं पेट्रोल कोणी गाडीत टाकू नये अन् नालीतही ओतू नये, शेख भाई गॅरेजला नेणार आहेत. नवीन साखळीचा खर्च मीटिंगमध्ये ठेवतो.

देशमुख (ए-201): मीटिंगमध्ये मागच्या वर्षीचा हिशोबही ठेवा.