नवरीचं पार्लर पॅकेज: शाफई मसल्यात (धर्मनियमांत) काय बसतं, काय नाही?

दाभोळखाडी
अस्सलामु अलैकुम. मावसबहिणीचा निकाह खेडला आहे, असरनंतर (दुपारनंतरच्या नमाजनंतर). चिपळूणच्या पार्लरचं पॅकेज ठरवायचंय: आयब्रो मायक्रोब्लेडिंग, पापण्यांचं एक्स्टेन्शन, जेल नेल्स, केसांचं एक्स्टेन्शन आणि वॉटरप्रूफ मेकअप. आम्ही शाफई, नवरदेवाकडचे मिरजेचे हनफी (सुन्नींच्या चार मजहबांपैकी, म्हणजे धर्मनियमांच्या परंपरांपैकी, दोन). यूट्यूबवर एक मौलाना हो म्हणतात, दुसरे हराम म्हणतात. पार्लरवाली म्हणते वजू (नमाजाआधी हात-तोंड-पाय धुणं) करून मेकअप केला की दिवसभर चालतो. ब्रीदेबल (पाणी आत जाऊ देते म्हणतात ती) नेलपॉलिशचंही सांगा. जाणकारांनी नीट उत्तर द्यावं.

शाफई_मसाइल
वअलैकुम अस्सलाम. आधी दोन प्रश्न वेगळे करा: ती गोष्ट करणं जायज आहे का, आणि ती अंगावर असताना वजू-गुस्ल (गुस्ल म्हणजे पूर्ण अंगाची पाक अंघोळ) होतो का. काही गोष्टी जायज असून वजू अडवतात. काही वजू अडवत नाहीत, तरी हराम आहेत. यूट्यूबवरचा अर्धा गोंधळ इथूनच येतो. उरलेला गोंधळ असा की कोकणातले आपण बहुतेक शाफई आणि ऐकतो हनफी बयान.

मायक्रोब्लेडिंग सरळ काढून टाका. सुईने त्वचेत रंग भरतात, म्हणजे ते गोंदणंच. 'सेमी-परमनंट' म्हटल्याने हुकूम बदलत नाही. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत इब्ने मसऊद (रजि.) यांच्या हदीसमध्ये गोंदणारी आणि गोंदवून घेणारी, दोघींवर लानत (शाप) आहे. शाफई मजहबात आणखी एक गुंता आहे. रंग रक्तात मिसळतो, म्हणून ती जागा नापाक धरतात, आणि इजा न होता काढता येत असेल तर काढणं वाजिब (बंधनकारक) होतं. रंग वर्ष-दोन वर्षं टिकतो. नंतर लेझरच्या खेपा घालायच्या त्यापेक्षा आधीच नाही म्हणा.

केसांना माणसाचे केस जोडणं चारही मजहबांत हराम. 'रेमी हेअर' लिहिलेली पाकिटं म्हणजे माणसाचेच केस. सिंथेटिक तंतूंना माणसाचे नसलेल्या पाक केसांचा हुकूम लावतात. त्या केसांबद्दल इमाम नववींनी (तेराव्या शतकातले मोठे शाफई विद्वान) लिहिलेलं लक्षात घ्या: नवरा नसेल तर हराम, नवरा असेल तर त्यांच्या मते जास्त बळकट मत असं की त्याच्या परवानगीने जायज. इथे निकाह असरनंतर आहे आणि केस दुपारी लावणार, त्यामुळे ती सवलत लागूच होत नाही. रेशमी धाग्यांचा रंगीत परांदा मात्र चालतो, कारण तो केसांसारखा दिसत नाही. सुरंगीचा किंवा अबोलीचा गजरा माळा, पण सुरंगीचा वास फार दरवळतो. परपुरुष असतील तिथे तेवढं जपा.

भुवयांचंही तसंच. नववींच्या मते कोरणं हराम. नंतरच्या काही शाफई उलमांनी नवऱ्याच्या परवानगीने सूट दिली आहे, पण तीही निकाहनंतरच. बाईला दाढी-मिशा आल्या तर त्या काढणं उलट मुस्तहब (पसंतीचं) आहे, त्यामुळे वरच्या ओठावर दाट मिशी असेल तर बेलाशक काढा.

मेकअपवाली_चिपळूण
वजूपुरतं बोलते. जेल नेलचा थर दिव्याखाली पक्का होतो आणि दोन-तीन आठवडे टिकतो. काढायचा तर वरचा थर घासून ॲसिटोनचा कापूस फॉइलमध्ये दहा-पंधरा मिनिटं गुंडाळावा लागतो. ओरबाडून काढला तर नखाचा थरही निघून येतो. पापण्यांचं एक्स्टेन्शन एकेका केसाला सायनोॲक्रिलेट गोंदाने चिकटवतात, आणि वजूत पापणीचा प्रत्येक केस धुवायचा असतो. ही दोन्ही पॅकेजमधून वगळा, नाहीतर लग्नानंतरचा गुस्लही होणार नाही.

पट्टीच्या पापण्या लावून रात्री काढता येतात. पाकिटावर मात्र 'मिंक' नको, ते जनावराचे केस. सिंथेटिक घेतल्या तरी नवऱ्याच्या परवानगीचा मसला केसांसारखाच, त्यामुळे वरच्या भावांना विचारल्याशिवाय ठरवू नका.

ब्रीदेबल पॉलिशची टिश्यूवरची चाचणी फसवी आहे. एक थेंब दाबून चोळल्यावर कागद ओला होतो, पण वजूत पाणी नखावरून वाहायला हवं आणि त्यातही दोन थर आणि वर टॉपकोट मारतात. लग्नासाठी मेहंदीच लावा. ती दोन दिवस आधी, आणि लेप सहा-आठ तास राहू द्या. रंग सुकल्यानंतर एक-दोन दिवसांत गडद होतो. दहा मिनिटांत काळाकुट्ट होणारे कोन नकोत, त्यात पीपीडी (केसांच्या काळ्या रंगातलं रसायन) असलं तर हात भाजतात. काही इन्स्टंट कोनांचा रंग पापुद्रा होऊन सोलतो. तो पापुद्रा असेपर्यंत खालची त्वचा कोरडीच राहते.

शाफई_मसाइल
मेहंदीचं बरोबर. नववींनीही हाच फरक केलाय: मेहंदीचा लगदा, मेण, कणीक अंगावर असेल तर वजू होत नाही, थोडंसं असलं तरी. नुसता रंग राहिला तर होतो. पातळ तेल असेल आणि पाणी वरून वाहून गेलं तरी होतो. म्हणून वॉटरप्रूफ मस्कारा आणि फाउंडेशन आधी तेलाच्या बामने पूर्ण उतरवा, मग वजू करा. तेलाचा ओशटपणा राहिला तर वहम (नसती शंका) नको.

'एकदा वजू, दिवसभर मेकअप' याला आमच्या मजहबात एक मोठा अडथळा आहे. निकाह झाल्यावर नवऱ्याने हात हातात घेतला, मध्ये कापड नसेल, तर दोघांचाही वजू तुटतो. शाफई मजहबात बायकोला लागलेला स्पर्शही वजू तोडतो. स्टेजवरच्या फोटोंत हे हमखास होतं आणि मगरिब (सूर्यास्तानंतरची नमाज) समोर असते. कोणी चामड्याच्या मोज्यांचा मसह (पाय न धुता मोज्यांवरून ओला हात फिरवणं) दाखवून नेलपॉलिशला सूट देत असेल तर ऐकू नका. ती फक्त पायांपुरती आहे. जखमेच्या पट्टीची सवलतही इथे नाही, कारण जखमच नाही.

हनफी_मिरज
स्पर्शाचा मुद्दा हनफींत नाही, वजू राहतो. सिंथेटिक केसही आमच्याकडे जायज आहेत. पण नखांवरचा थर, पापण्यांचा गोंद आणि गोंदणं यांत आम्ही आणि तुम्ही एकच. मुलगी लग्न करून हनफी घरी आली तरी तिने आपोआप मजहब बदलायचा नसतो. सासूबाईंनी तिला 'नवऱ्याच्या स्पर्शाने काय होतंय' असं म्हणू नये.

दाभोळखाडी
जझाकल्लाह. एक राहिलं. तिचे पुढचे दात एकावर एक चढलेत, चावताना त्रास होतो. ब्रेसेस म्हणजे खिल्कत (अल्लाहने घडवलेलं रूप) बदलणं का?

शाफई_मसाइल
नाही. हदीसमध्ये सौंदर्यासाठी दातांत फटी पाडणाऱ्यांचा उल्लेख आहे. दोष किंवा त्रास दूर करणं वेगळं. अर्फजा (रजि.) या सहाबींचं नाक इस्लामपूर्व अरबस्तानातल्या कुलाबच्या लढाईत कापलं गेलं. चांदीचं लावलं तर दुर्गंधी सुटली, तेव्हा प्यारे नबी (स.) यांनी सोन्याचं लावायला सांगितलं, आणि सोनं तर पुरुषांना एरवी हराम. आंतरराष्ट्रीय फिकह अकॅडमीने 2007 साली मलेशियातल्या पुत्रजया इथल्या ठरावात जन्मजात व्यंग, भाजल्याचे व्रण, फाटलेला ओठ यांच्यावरची शस्त्रक्रिया जायज ठरवली. नुसत्या हौसेखातर नीट असलेलं नाक किंवा चेहरा बदलणं नाही. ब्रेसेसना मात्र बहुधा दीड-दोन वर्षं लागतात, लग्नाआधी त्यांची घाई नको. कुल्ली करताना तारा आड येतील ही भीती नको, शाफई वजूत आणि गुस्लमध्ये तोंड खळखळून धुणं सुन्नत आहे, फर्ज नाही. हनफींत गुस्लमध्ये ते फर्ज आहे.