सिपोरेक्सच्या भिंतीवर ५५ इंची टीव्ही स्वतः बसवता येईल का?

वाकडवासी

नमस्कार. आमची सदनिका वाकडला, तुलनेने नव्या इमारतीत आहे. दिवाणखान्यातला टीव्ही आजवर लाकडी युनिटवर उभा होता, परंतु घरातले मूल आता धरून उभे राहू लागल्यामुळे तो भिंतीवर घ्यायचे ठरवले आहे. टीव्ही ५५ इंचांचा आहे. पाय काढल्यावर त्याचे वजन १६ किलोच्या आसपास भरते आणि मागच्या चार भोकांमधले अंतर आडवे ३०० व उभे २०० मिलिमीटर आहे.

हे काम स्वतः करावे असे वाटण्यास एक कारण आहे. गेल्या वर्षी बेडरूममधला ३२ इंची टीव्ही बसवायला आलेल्या कारागिराने भिंत कशाची आहे याची चौकशीही न करता ड्रिल हॅमरवर लावून चार भोके पाडली. त्यांत स्क्रू धरण्यासाठी ठोकलेल्या प्लगांपैकी एक स्क्रूबरोबर गरगर फिरू लागल्यावर त्याने त्यात आगपेटीच्या काड्या कोंबल्या आणि स्क्रू आवळून तो निघून गेला. तो टीव्ही हलका असल्यामुळे अजून टिकून आहे, पण १६ किलोंच्या बाबतीत मी असा भरवसा ठेवू शकत नाही.

युनिटमागे दिसणार नाही अशा जागी मी ६ मिलिमीटरचे एक भोक पाडून पाहिले. आधी बोटाच्या पेराहून कमी जाडीची पांढरी, मऊ भुकटी निघाली आणि नंतर फिकट करड्या रंगाचा रवाळ चुरा येऊ लागला. ड्रिलवर जोर देण्याची गरजच पडली नाही. अशा भिंतीत कोणता प्लग वापरावा, सरळ पट्ट्यांचा माउंट घ्यावा की बाहेर ओढता येणाऱ्या हाताचा, आणि तारांचे काय करावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

ओळंबा

बिटवर येणारा चुरा पाहिलात, हे उत्तम केलेत. तांबडा चुरा आला तर भाजलेली वीट, करडा आणि बिट कष्टाने आत जात असेल तर काँक्रीट, आणि आपण वर्णन केल्याप्रमाणे पांढरी भुकटी व मागोमाग रवाळ चुरा आला तर जिप्समचा गिलावा आणि त्यामागे एएसी ब्लॉक, म्हणजे आपल्याकडे बांधकामावर सर्रास ज्याला सिपोरेक्स म्हणतात तो. सिमेंट, चुना, वाळू किंवा राख यांच्या मिश्रणात ॲल्युमिनियमची भुकटी घालून तो फुगवलेला असतो आणि नंतर दाबाखालच्या वाफेत पक्का केलेला असतो. त्यामुळे त्याच्या पोटात सर्वत्र बारीक हवेचे कप्पे राहतात. एका घनमीटरचे वजन साधारण ५५० ते ६५० किलो भरते, तर भाजलेल्या विटेचे १,६०० किलोंच्या पुढे जाते. त्याची दाब सोसण्याची ताकद चौरस मिलिमीटरला तीन ते चार न्यूटन असते, तर घराच्या काँक्रीटची वीस-पंचवीस. इमारतीच्या दृष्टीने यात काहीच गैर नाही, कारण भार खांब आणि तुळया घेतात. मात्र प्लगच्या दृष्टीने हा फरक निर्णायक ठरतो.

आपल्या कारागिराचा प्लग का फिरला, याचे उत्तरही येथेच आहे. हॅमरच्या ठोक्यांनी ब्लॉक आतून भुगा होतो, भोक तोंडाशी ८ मिलिमीटरचे दिसले तरी आत १०-११ मिलिमीटरचे झालेले असते, आणि आखूड प्लगचा पाव-अर्धा भाग जिप्समच्या गिलाव्यातच राहतो, जो धरून ठेवण्याच्या कामी जवळजवळ शून्य असतो. म्हणून हॅमर बंद ठेवून, साध्या फिरत्या ड्रिलने भोक पाडावे. कडेच्या लोखंडी नळीमुळे आत फुगून पकडणारे अँकर फास्टनर काँक्रीटमध्ये अप्रतिम काम करतात, पण ब्लॉकमध्ये तेच फास्टनर आवळताना भोवतालचा भाग चिरडतात आणि आवळत जाल तितके सैल होत जातात. ते दुकानदाराने कितीही आग्रहाने दिले तरी घेऊ नयेत.

आपल्याला १० मिलिमीटर जाडीचे आणि किमान ८० मिलिमीटर लांबीचे, ब्लॉकसाठी चालतील असे पाकिटावर लिहिलेले नायलॉनचे प्लग लागतील. भोक प्लगपेक्षा सेंटीमीटरभर खोल घ्यावे, आतला चुरा फुंकून किंवा ब्रशने पूर्ण काढावा, आणि स्क्रू हाताच्या पान्यानेच आवळावा. मशीनने आवळल्यास शेवटच्या एका फेऱ्यात सगळी पकड जाऊ शकते. भिंत ४ इंची ब्लॉकची आहे की ६ इंची, हे दाराच्या चौकटीपाशी मोजून घ्या, नाही तर बिट पलीकडे निघेल.

याहून निर्धास्त दोन उपाय आहेत. पलीकडे आपलीच खोली असेल तर भिंतीतून आरपार आटे पाडलेली सळई घालून मागे लोखंडी पट्टी आणि नट लावावा. मग ब्लॉक किती ठिसूळ आहे याला महत्त्व उरत नाही. ते शक्य नसेल तर १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायचा, माउंटपेक्षा चारही बाजूंनी मोठा तुकडा घेऊन तो आठ-दहा लांब स्क्रूंनी भिंतीला बसवावा आणि माउंट त्या प्लायला लावावा. भार चार बिंदूंऐवजी दहा बिंदूंवर विभागला जातो, आणि टीव्हीमागे असल्यामुळे प्लाय दिसतही नाही. मी स्वतः आपल्या जागी असतो तर दुसरा विचार न करता प्लायच लावला असता.

जांभ्याचे घर

विषय सिपोरेक्सचा असला तरी कोकणातल्या वाचकांसाठी थोडी भर घालतो. जांभा चिरा वरून कणखर दिसतो, पण त्यात निसर्गतःच पोकळ्या असतात आणि बिट मध्येच भसकन आत गेला तर समजावे की पोकळी लागली. अशा वेळी ते भोक सोडून चार बोटे बाजूला सरकावे. दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात तर प्लग कधीच ठोकू नये. पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीवर टीव्ही लावणार असाल तर स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या आणि टीव्हीच्या मागे हवा खेळेल इतके अंतर ठेवा. श्रावण संपेपर्यंत साध्या स्क्रूंची डोकी गंजलेली मी अनेक घरांत पाहिली आहेत.

तरफ आणि टेकू

सरळ माउंट की हाताचा, या प्रश्नाचे उत्तर हिशोबानेच द्यावे लागेल. सरळ माउंटवर टीव्हीचे वजन भिंतीपासून साधारण ४ सेंटीमीटरवर असते. १६ किलो गुणिले ४ म्हणजे ६४. वरचे स्क्रू आणि पट्टीची खालची कड यांच्यात २० सेंटीमीटर अंतर धरले तर वरच्या स्क्रूंवर बाहेर ओढणारा जोर मिळून जेमतेम सव्वातीन किलोंचा येतो. बाकीचे वजन भिंतीला समांतर, खाली उतरते, आणि तो भार प्लग सहज पेलतो.

आता तोच टीव्ही हाताच्या माउंटवर ४५ सेंटीमीटर बाहेर ओढला असे समजा. १६ गुणिले ४५ म्हणजे ७२०, आणि तेच २० सेंटीमीटर धरले तर वरच्या स्क्रूंवर ३६ किलोंचा ओढा येतो, म्हणजे आधीच्या अकरा पटींहून जास्त. यात त्या लोखंडी हाताचे स्वतःचे चार-पाच किलो धरलेले नाहीत, आणि उद्या उभे राहायला शिकलेले आपले मूल त्या कडेला लोंबकळले तर काय होईल, हेही धरलेले नाही. शिवाय हात दर वेळी आत-बाहेर होताना प्लगला हलकासा हिसका बसतो, तो वेगळाच. एएसी ब्लॉकवर हाताचा माउंट लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खिडकीचा उजेड पडद्यावर चमकतो म्हणून तो हवा असेल, तर दहा-बारा अंश खाली झुकणारा माउंट घ्यावा. तो जवळजवळ सरळ माउंटइतकाच भिंतीला चिकटून असतो.

माजिवड्याहून

पुणे, ठाणे आणि मुंबईच्या अलीकडच्या कित्येक संकुलांत आतल्या भिंतीही मायव्हान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या असतात. अशी भिंत असेल तर ‘ओळंबा’ यांनी सांगितलेले उलट करावे लागते. तिथे साधे ड्रिल भिंत नुसती घासत बसते, त्यासाठी रोटरी हॅमरच भाड्याने आणावा. मध्येच बिट थांबून किंचाळू लागला तर सळई लागली असे समजून दोन-तीन सेंटीमीटर बाजूला जावे. आणि तारा लपवण्यासाठी या भिंतींत खाच मारू नये, कारण येथे भिंतच इमारतीचा भार घेत असते.

वाकडवासी

सर्वांचे मनापासून आभार. हाताच्या माउंटचा विचार सोडून दिला आहे. दाराशी मोजले असता गिलाव्यासह भिंत साधारण १७ सेंटीमीटर भरली, म्हणजे ब्लॉक ६ इंची असावा. अडचण अशी की पलीकडे आमचे बाथरूम आहे, त्यामुळे आरपार सळईचा उपाय बाद झाला. नळाचे पाइप याच भिंतीतून गेले असतील तर प्लाय लावणेसुद्धा कितपत सुरक्षित आहे?

ओळंबा

हा मुद्दा आधी कळला ते बरे झाले. बाथरूमच्या बाजूने पाहा: मिक्सर कोणत्या भिंतीवर आहे आणि शॉवर कुठे आहे? जर ते याच सामाईक भिंतीवर असतील तर मिक्सरपासून शॉवरपर्यंत सरळ वर, आणि मिक्सरपासून गीझरपर्यंत पाइप जाणार हे गृहीत धरा. दोन्ही खोल्यांना सामाईक असलेल्या कोपऱ्यापासून किंवा दाराच्या कडेपासून या सगळ्यांची अंतरे मोजून ती दिवाणखान्याच्या बाजूला पेन्सिलने काढून घ्या, म्हणजे पाइपांचा नकाशाच भिंतीवर दिसेल. त्या रेषांच्या दोन्ही बाजूंना वीतभर जागा मोकळी सोडावी. पाइप बहुधा टाइल्सच्या बाजूने खाच मारून बसवलेले असतात, त्यामुळे आपल्या बाजूने १० सेंटीमीटरहून कमी खोल गेल्यास धोका कमी राहतो, परंतु ‘बहुधा’ या शब्दावर विसंबून पाइपच्या रेषेवर भोक पाडू नये. बिटवर हव्या त्या खोलीला चिकटपट्टी गुंडाळली की हात आपोआप थांबतो.

आणखी एक गोष्ट तपासा. भिंतीच्या या बाजूला रंगाचे पोपडे किंवा ओलीचे डाग असतील तर टीव्हीचे काम पुढे ढकलावे. ओल खाल्लेला जिप्सम आणि फुगलेला प्लाय यांवर सोळा किलो लटकवण्यात अर्थ नाही.

फेज न्यूट्रल

पाण्याचे झाले, आता विजेविषयी. दिवाणखान्यातल्या प्रत्येक स्विचबोर्डापासून तारांची नळी बहुतेक वेळा सरळ वर छताकडे किंवा सरळ खाली जमिनीकडे जाते, आणि एका उंचीवरचे दोन बोर्ड आडव्या नळीने जोडलेले असू शकतात. बोर्डाच्या वरची-खालची उभी पट्टी आणि दोन बोर्डांमधली आडवी पट्टी या दोन्ही ड्रिलसाठी निषिद्ध समजाव्यात. भिंतीतली तार शोधणारे छोटे यंत्र बाजारात मिळते. मात्र विजेच्या दाबावरून तार ओळखणारे यंत्र असेल तर ते वीज चालू असतानाच काम करते. म्हणून आधी वीज चालू ठेवून खुणा कराव्यात, नंतर त्या खोलीचा एमसीबी पाडावा, आणि ड्रिलसाठी दुसऱ्या खोलीतल्या प्लगवरून एक्स्टेन्शन आणावे.

तारा भिंतीत घालायच्या असतील तर टीव्हीबरोबर आलेली लवचीक पॉवर कॉर्ड थेट गिलाव्यात पुरू नका. टीव्हीच्या मागे स्वतंत्र सॉकेट काढून घेणे हाच योग्य मार्ग आहे आणि ते काम परवानाधारक वायरमनकडून करावे. एचडीएमआय केबलसाठी टाकायची नळी मात्र ऐसपैस असावी. त्या केबलचे टोकच दोन सेंटीमीटरच्या आसपास रुंद असते, त्यामुळे पाऊण किंवा एक इंची नळीच्या वळणावर ते हमखास अडकते. दोन इंची नळी टाकली तर पुढे केबल बदलतानाही भिंत फोडावी लागत नाही. या सगळ्याची तयारी नसेल तर भिंतीवरून जाणारी पांढरी केसिंग पट्टी लावावी, त्यात कमीपणा काही नाही.

मांडी घालून

उंचीविषयी कोणीच लिहिले नाही याचे आश्चर्य वाटते, कारण घरोघरी होणारी सर्वांत मोठी गफलत तीच आहे. घरातली तसबीर ज्या उंचीवर लावतात त्याच उंचीवर टीव्ही चढवला जातो आणि मग तीन तासांचा सामना मान वर करून पाहावा लागतो. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून १०० ते ११० सेंटीमीटरवर येतात. ५५ इंची पडद्याची उंची सुमारे ६८.५ सेंटीमीटर असते. त्यामुळे पडद्याचा मध्य १०५ वर ठेवला तर खालची कड साधारण ७१ सेंटीमीटरवर येते. जमिनीवर गादी टाकून बसण्याची पद्धत असेल तर आणखी वीतभर खाली घ्यावे.

प्रश्नकर्त्यांच्या घरी लहान मूल आहे, त्यामुळे ७१ सेंटीमीटरवरची कड त्याच्या हाताला लागेल हे खरे. तरीही त्यासाठी टीव्ही छताकडे नेण्यापेक्षा खालचे युनिट तसेच ठेवावे, म्हणजे मूल पडद्यापासून हातभर लांब राहील. लोंबणारी तार मात्र एकही राहू देऊ नये. मूल ओढते ती तार, पडदा नव्हे.

उंची ठरवताना एक सूक्ष्म बाब ध्यानात ठेवा. मागची चार भोके पडद्याच्या बरोबर मध्यावर असतीलच असे नाही, अनेक मॉडेलांत ती खाली सरकलेली असतात. वरच्या भोकापासून टीव्हीच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून मगच भिंतीवर रेघ मारावी आणि ती पाणसळ लावून तपासावी. छताची किंवा स्कर्टिंगची कड सरळ असेल असे गृहीत धरू नये.

तरफ आणि टेकू

टीव्हीच्या मागे जाणाऱ्या स्क्रूंबद्दल एक सूचना राहिली. या मापाच्या टीव्हींना बहुधा एम६ किंवा एम८ जाडीचे स्क्रू लागतात, पण लांबी प्रत्येक मॉडेलची निराळी असते आणि माउंटच्या पाकिटात तर चार-पाच लांबींचे स्क्रू एकत्र दिलेले असतात. गरजेपेक्षा लांब स्क्रू आवळला तर तो आतल्या सर्किटला किंवा थेट पडद्याला जाऊन भिडतो. त्यासाठी आगपेटीची काडी भोकात घालून खोली मोजावी (काडीचा योग्य उपयोग हा!), त्यात पट्टीची आणि वाशरची जाडी मिळवावी आणि आलेल्या मापापेक्षा दोन मिलिमीटर आखूड स्क्रू निवडावा. स्क्रू आधी बोटांनीच फिरवावा. निम्म्या वाटेवर अडला तर जोर न करता दुसरा घ्यावा. हे काम करताना टीव्ही पलंगावर मऊ चादर अंथरून पालथा ठेवावा, मधोमध दाब देऊ नये, आणि उचलताना दोघांनी कडेच्या चौकटीला धरून उचलावा. टीव्ही वॉरंटीत असेल तर त्याआधी कार्ड वाचून घ्यावे, कारण काही कंपन्या स्वतःच्या माणसाकडूनच बसवून घेण्याची अट घालतात. तसे असेल तर प्लाय आपण आधी लावून ठेवावा आणि आलेल्या माणसाला त्या प्लायवरच माउंट बसवायला सांगावे.