शारजात नवीन आलोय, पगाराचं खातं कुठलं घेऊ? आणि गावचं खातं ठेवू की बंद करू?

बागेतला_झील:
नमस्कार गाववाल्यांनु. मी देवगडचा, एसी मेंटेनन्सचं काम, गेल्या महिन्यात शारजाला आलो. एमिरेट्स आयडी परवा हातात मिळालं आणि आता कंपनीची एचआर मागे लागलीय की आयबॅन (बँक खात्याचा लांबलचक नंबर) दे नाहीतर पगार कार्डावर (खात्याशिवाय नुसतं पगाराचं एटीएम कार्ड) टाकू. पगार सगळा धरून 4500 दिरहम. रूममधले सहा जण सहा बँका सांगतात. त्यात काल मॉलमध्ये एकाने धरलं, टाय वगैरे लावलेला, म्हणे झिरो बॅलन्स खातं, सोबत क्रेडिट कार्ड फ्री, फक्त इथे सही करा. मी नंबर देऊन सटकलो.

दुसरं म्हणजे गावी जिल्हा बँकेत माझं आणि बाबांचं जॉइंट खातं आहे, आंब्याचे पैसे त्यातच येतात आणि सोसायटीचं पीककर्जपण तिथूनच फिरतं. रूममधला एक म्हणतो आता तू एनआरआय, ते खातं चालवणं बेकायदेशीर, दुसरा म्हणतो कोण बघतंय, वीस वर्षं चालवतोय. मी घरी महिन्याला निदान दोन हजार दिरहम तरी पाठवणार. तर इथे कुठलं खातं घेऊ आणि तिथलं काय करू, कुणीतरी नीट सांगा. टेन्शन आलंय उगाच.

खेडवाला_शारजा:
भाई वेलकम. मी चौदा वर्षं आहे इथे, माझं ऐक. बँकेचं नाव नंतर, आधी तुझ्या पगाराला कोण उभं करतं ते बघ. बऱ्याच बँका 5000 च्या खाली पगार असला की खातंच देत नाहीत, त्यामुळे तुझे निम्मे ऑप्शन इथेच गेले, डोकं हलकं झालं. एचआरला विचार की कंपनीचे बाकीचे लोक कुठल्या बँकेत आहेत, कंपनीचं जिथे टायअप असतं तिथे कमी पगारवाल्यालापण घेतात आणि कागदपण कमी मागतात.

कार्डावर पगार घेण्यात वाईट काही नाही, तेपण सरकारच्या त्याच डब्ल्यूपीएस सिस्टममधून येतं, म्हणजे पगार दिला की नाही याची नोंद राहते. पण उद्या गाडीसाठी लोन लागलं किंवा स्वतःच्या नावावर खोली घ्यायची तर चेकबुक लागतं (इथे भाडं अजूनही पुढच्या तारखांच्या चेकने देतात), तेव्हा कार्ड कामाचं नाही. एक दोन वर्षं राहणार असशील तर खातं घे.

आता झिरो बॅलन्सची गंमत सांगतो, माझ्याच अंगावर आलेली. झिरो बॅलन्स म्हणजे *पगार येतोय तोपर्यंत* झिरो. मी पहिली कंपनी सोडली, नव्या कंपनीने दुसऱ्या बँकेत खातं काढून दिलं, जुन्यात 180 दिरहम होते, म्हटलं राहू देत. पगार यायचा थांबला तसं ते खातं साधं सेव्हिंग झालं, 3000 चा मिनिमम बॅलन्स लागू झाला, आणि महिन्याला 25 दिरहम आणि त्यावर 5 टक्के व्हॅट असे सव्वासव्वीस कापायला लागले. मेसेज जुन्या नंबरवर जायचे, तो नंबर मी बदललेला. सातव्या महिन्यात खातं मायनसमध्ये, पावणेचार दिरहमचं देणं. पावणेचार! आणि त्यासाठी रिकव्हरीवाल्याचा फोन कंपनीच्या लँडलाइनवर, सुपरवायझरसमोर. बँकेत गेलो तर दोन तास टोकन घेऊन बसलो. तर नोकरी बदललीस की जुनं खातं त्याच आठवड्यात बंद कर आणि बंद केल्याचं लेटर घे, नुसतं काउंटरवरच्या माणसाच्या तोंडावर विश्वास ठेवू नको.

टायवाल्याला हो म्हणू नको. त्याला कार्डावर कमिशन असतं, खात्यावर नाही. क्रेडिट कार्ड देताना बऱ्याचदा सही केलेला सिक्युरिटी चेक (हमी म्हणून) घेतात. 2022 पासून नुसते पैसे नाहीत म्हणून चेक परत गेला तर आधीसारखी पोलीस केस होत नाही, पण तोच चेक घेऊन डायरेक्ट वसुलीला कोर्टात जाता येतं. आणि कायमचा गावी निघालास आणि कार्डाची बाकी असली की शेवटचा हिशेब खात्यात पडल्यावर बँक तो अडकवते. माझ्या डोळ्यांसमोर एकाची ग्रॅच्युइटी अशी अडकली, तिकीट काढलेलं होतं बिचाऱ्याचं.

तिरकस:
वीस वर्षं चालवतोय वाल्याला विचारा एकविसाव्या वर्षी केवायसी मागितली तर पासपोर्टवरचे शिक्के कुठे लपवणार.

निवृत्त_क्लार्क_रत्नागिरी:
झील, मी 31 वर्षं बँकेत काउंटरला काढली, त्यातली बरीच आखातवाल्यांच्या फॉर्मवर. तुझा पहिला रूममेट बरोबर आहे. फेमा म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे नोकरीसाठी देश सोडलास की त्या दिवसापासून तू नॉन रेसिडेंट. ते 182 दिवस मोजायचं लोक सांगतात ते तुझ्या केसमध्ये इन्कम टॅक्सचं वेगळं गणित, दोन्हीची खिचडी करू नये. साधं सेव्हिंग खातं तसंच ठेवता येत नाही, त्याचं एनआरओ करून घ्यायचं.

आता नीट समजून घे. एनआरओ म्हणजे भारतात मिळणाऱ्या पैशांसाठी, म्हणजे भाडं, पेन्शन, आंबा. त्याच्या व्याजावर 30 टक्के आणि वर सेस असा टीडीएस कापला जातो, रिटर्न भरलं तर जास्तीचा परत मिळतो. एनआरई म्हणजे तू दिरहम कमावून पाठवशील ते. त्याचं व्याज इथे करमुक्त आणि पैसा पाहिजे तेव्हा परत बाहेर नेता येतो, एनआरओतून मात्र वर्षाला 10 लाख डॉलरची मर्यादा आणि कागदपत्रं. (दहा लाख डॉलर! आपल्याला ती मर्यादा लागू होवो एवढीच प्रार्थना.) एनआरईत इथली रक्कम अशी थेट टाकता येत नाही. आंब्याचा चेक एनआरईत भरायला आलेले लोक मी परत पाठवलेत, भांडायचे माझ्याशी.

पण तुझ्या केसमध्ये मी वेगळं सांगेन. आंबा बाबांचा, कर्ज बाबांचं, मग जिल्हा बँकेच्या खात्यावरून तुझं नाव काढून टाक, ते बाबांचं एकट्याचं राहू दे. बहुतेक जिल्हा बँकांत एनआरआयची सोय नसते आणि पतपेढीत तर प्रश्नच येत नाही, उगाच सोसायटीच्या व्यवहारात तुझ्या स्टेटसचा घोळ नको. तू स्वतः एखाद्या मोठ्या बँकेत एनआरई काढ. घरखर्चाचे दोन हजार थेट बाबांच्या खात्यावर पाठवलेस तरी चालतं, मुलाने वडिलांना दिलेल्या पैशावर कर नाही. साठवायचे ते एनआरईत.

पीपीएफ असेल तर मुदत संपेपर्यंत भरू शकतोस, पुढे वाढवता येत नाही. आणि एक, कारण आपल्याकडे हे हमखास होतं: हातात पैसा आला की गावातलं कुणीतरी बाजूची कलमं विकायला काढतं. एनआरआयला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते, नवीन घेता येत नाही. इसार देऊन बसू नकोस.

सड्यावरची:
दादा सगळे खात्याचं सांगतायत, ओटीपीचं कोणी सांगत नाही. आमचे हे दोह्याला गेले तेव्हा इथलं सिम मला देऊन गेले. आमच्या घरात रेंज नाही, फक्त विहिरीच्या कठड्यावर येते, तर यांनी तिकडून व्हॉट्सअॅप करायचा की आता ट्रान्सफर करतोय, मी वायफाय सोडून विहिरीवर धावायचं, ओटीपी आला की परत घरात येऊन टाइप करायचा, तोपर्यंत तो मेला संपलेला. पावसात तर टॉवरच दोन दोन दिवस बंद. सासूबाई म्हणायच्या एवढ्या फेऱ्या पाण्यासाठी मारल्या नव्हत्या आम्ही.

तर सिम स्वतःजवळ ठेवा, रोमिंग चालू करून घ्या, आणि रिचार्ज संपू देऊ नका. नाहीतर एनआरई काढतानाच तिकडचा नंबर रजिस्टर करा. आता कतार, यूएई अशा काही देशांच्या नंबरवर एनआरई एनआरओ खात्याचं यूपीआयपण चालतं, फक्त तुमची बँक देते का ते आधी विचारा.

खेडवाला_शारजा:
वहिनी एकदम बरोबर बोलल्या. आणि झील, पैसे पाठवताना फी झिरो बघून भुलू नको, रेटमध्ये मारतात. अॅप असो की एक्सचेंज, एकच विचार: हजार दिरहम दिले तर गावी किती रुपये पडणार. तेवढा एकच आकडा.

बागेतला_झील:
सगळ्यांका थँक्यू. एचआरला विचारलं, टायअपवाली बँक आहे, माझ्या पगारावर खातं मिळतंय, क्रेडिट कार्ड नको असं फॉर्मवरच लिहिलं. टायवाल्याचे तीन मिसकॉल आलेत, उचलत नाय. बाबांना फोन केला तर आधी त्यांना वाटलं मी हिस्सा सोडतोय, अर्धा तास समजावला, मग म्हणाले सोमवारी जाऊन अर्ज देतो. एनआरईचा फॉर्म ऑनलाइन भरायला घेतलाय.

निवृत्त_क्लार्क_रत्नागिरी:
नॉमिनीचा रकाना रिकामा सोडू नको. आईचं नाव घाल.

बागेतला_झील:
काका, आईचं नाव आधारवर एक आणि पासबुकावर दुसरं आहे.

निवृत्त_क्लार्क_रत्नागिरी:
मग बाबा सोमवारी जातायतच तर आईलापण सोबत पाठव. आधारची झेरॉक्स दोन प्रती.