परदेशी कार्ड आणि भाजीवाल्याचा क्यूआर

प्रश्न असा आहे की चीनमध्ये परदेशी कार्ड जोडलेलं अलीपे (मोबाइलवरून पैसे देण्याचं चिनी ॲप) मॉलमध्ये चालतं, मग भाजीवाल्याकडे का अडतं? बहुतेक वेळा कारण कोडच्या प्रकारात असतं. दुकानाचा व्यापारी कोड परदेशी व्हिसा-मास्टरकार्ड घेतो. भाजीवाल्याने आपला वैयक्तिक कोड लावला असेल तर ते पैसे व्यक्तीला पाठवल्यासारखे धरले जातात आणि परदेशी कार्डावर ते सहसा नाकारले जातात. अशा वेळी सरळ नोटा द्या, १० आणि २० युआनच्या, कारण सुट्टे मिळणं कठीण. रोख नाकारणं तिथे नियमबाह्य आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं! निघण्यापूर्वी अलीपेमध्ये पासपोर्टने ओळख पडताळणी उरका आणि बँकेत कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून घ्या. अलीपेवर परदेशी कार्डाने केलेल्या २०० युआनच्या वरच्या व्यवहाराला ३ टक्के शुल्क लागतं.