लॉबीत मावशी पडल्या त्याबद्दल

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. आज सकाळी झाडूपोछावाल्या मावशी लॉबीत घसरून पडल्या. मनगटाला फ्रॅक्चर आहे, प्लास्टर घातलंय. सगळ्यांनी ओल्या फरशीवरून जपून चालावे ही विनंती.

ए-१०३: अरेरे, फार वाईट झालं. आता बऱ्या आहेत ना?

सी-६०३: काका, जपून चालायचं ठीक आहे पण मावशींइतकं जपून त्या लॉबीत आपल्यातलं कोणीच चालत नाही. आपल्याला ती यायची-जायची वाट, त्यांची ती कामाची जागा. मी प्लांटमध्ये सेफ्टी बघतो, तिथे कोणी पडलं तर आधी विचारतात फरशी ओली का होती, माणूस कसा चालत होता ते नंतर. पोछाची वेळ आपणच ८ ची ठेवलीये, नेमकी शाळा-ऑफिसच्या गर्दीची, लोक ओल्यावरून जातात, ठसे उमटतात, कोणीतरी तक्रार करतं, मग त्या बिचाऱ्या परत पुसतात आणि परत सगळं ओलं.

बी-४०२: पण पिवळा बोर्ड असतो की तिथे

सी-६०३: तो दिवसभर तिथेच असतो ताई, फरशी वाळली तरी, म्हणून कोणाचं लक्षच जात नाही. पुसायच्या आधी ठेवायचा आणि वाळलं की उचलायचा. खरा उपाय म्हणजे आधी अर्धी लॉबी पुसायची, ती वाळली की उरलेली अर्धी, म्हणजे चालायला कोरडी पट्टी कायम राहते. आणि बादलीत लिक्विड मापानेच टाकायचं, जास्त झालं की फरशीवर थर राहतो आणि पुढच्या वेळी पाणी लागलं की तोच निसरडा होतो.

ए-२०४: टाइल्सच चकचकीत आहेत हो, मी तेव्हाच म्हणत होतो

सी-६०३: बरोबर आहे तुमचं. टाइल किती घसरते याची टेस्ट असते, तेल लावलेल्या उतारावर माणूस चालवतात आणि उतार वाढवत नेतात, त्यावरून टाइलला 'आर' नंबर मिळतो. आर ९ म्हणजे ६ ते १० अंशांपर्यंतच पाय टिकतो, आर ११ ला १९ ते २७. ओल्या जागेला आर ९ घेऊच नये. पुढे कधी टाइल बदलाल तेव्हा दुकानदाराला हा नंबर विचारा, नुसता रंग बघून घेऊ नका.

बी-७०१: डॉक्टर म्हणून सांगते, माणूस पडताना हात पुढे टेकवतो म्हणून मनगट जातं. आणि पडणं ही किरकोळ गोष्ट समजू नका, जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की जगात दरवर्षी ६,८४,००० माणसं पडून दगावतात, अपघाती मृत्यूंमध्ये रस्ते अपघातांनंतर दुसरा नंबर.

बी-४०२: बापरे, एवढे??

ए-१०३: गेटवरच्या केबिनची एक्स्टेन्शन वायर पण बघा कोणीतरी, वाटेत आडवी असते, नाइटवाले वॉचमनदादा दोनदा अडखळलेत

सी-६०३: हो, ती उद्याच भिंतीकडेने क्लिप मारून घेऊ. चालताना पायाचा पुढचा भाग जमिनीपासून जेमतेम १-२ सेंटिमीटर उचलला जातो, त्यामुळे वायर, मॅटची दुमडलेली कड, वर आलेली लादी एवढंही पुरतं. बेसमेंटच्या जिन्याची शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा बुटकी आहे, पायाला वरच्या उंचीची सवय झालेली असते आणि तिथे अंदाज चुकतो, वर तिथला दिवाही गेलाय. आणि इलेक्ट्रिशियनला खुर्चीवर चढवू नका प्लीज, शिडी आहे आपल्याकडे, ४ फूट उंचीला पाया १ फूट बाहेर असा टेकवायचा.

बी-७०१: मावशींच्या पगाराचं काय? प्लास्टर महिनाभर तरी राहणार

ए-२०४: कामावर नसतील तर कॉन्ट्रॅक्टर कापणारच ना

सी-६०३: कापू द्यायचा नाही. आपल्या कामावर पडल्यात त्या. आणि पैसे कापले तर पुढच्या वेळी कोणी घसरलं, मार लागला तरी सांगणारच नाही, मग निसरडी जागा कुठली ते आपल्याला कळणार कसं? केबिनमध्ये एक वही ठेवू, नुसता पाय सटकला तरी लिहायचं, कोणाला रागवायचं नाही.

बी-७०१: शंभर टक्के सहमत

सेक्रेटरी: पगार पूर्ण द्यायचं मी कॉन्ट्रॅक्टरशी आजच बोलतो, नाही ऐकलं तर मेंटेनन्स फंडातून देऊ. पोछा उद्यापासून ११ वाजता. पायऱ्यांना अँटी-स्लिप टेप कोण आणतंय?

ए-२०४: मी आणतो. काळी की पिवळी?

सी-६०३: पिवळी, कड उठून दिसायला हवी. लावायच्या आधी पायरी कोरडी आणि धूळ पुसलेली पाहिजे, नाहीतर कोपरे सुटतात आणि त्यालाच माणूस अडखळतो. रविवारी सकाळी मी येतो लावायला, अजून दोघं तरी या.