मुलाचे नाव नोंदवण्यास कार्यालय नकार देऊ शकते का?

प्रश्न (गुहागर)
आमचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीचे. बारशाला आत्याने बाळाच्या कानात 'दर्यासारंग' हे नाव सांगितले आणि सगळ्यांना ते मनापासून आवडले. नोंदणीसाठी गेलो, तेव्हा मात्र लिपिकाने 'ही आरमारातली पदवी आहे, साधे नाव ठरवून या' असे सांगून अर्ज परत केला. आई-वडिलांनी कोणते नाव ठेवावे, यावर आपल्याकडे कायद्याचे बंधन आहे काय?

उत्तर (रत्नागिरी)
जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ मध्ये निषिद्ध नावांची यादी नाही. जन्माची नोंद नावाशिवाय झालेली असल्यास पालकांनी नाव तोंडी किंवा लेखी कळवायचे आणि निबंधकाने ते नोंदवहीत लिहायचे, एवढेच कलम १४ सांगते. नाव पसंत करण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार ते निबंधकाला देत नाही. बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क नोंदवता येते, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. त्यामुळे घाबरून नाव बदलू नका. अर्ज पुन्हा द्या, पोच घ्या आणि नकार असेल तर तो लेखी मागा. २०२३ च्या दुरुस्तीनुसार निबंधकाच्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील करता येते.

उत्तर (मालवण)
लिपिकाची शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही, कारण न्यूझीलंडमध्ये २०२१ च्या कायद्यानुसार पदवीसारखे वाटणारे नाव सबळ कारणाशिवाय नोंदवले जात नाही आणि 'किंग', 'प्रिन्स' अशी नावे तिथे नाकारली गेली आहेत. आइसलँडमध्ये तर नावे तपासणारी समितीच आहे. 'ब्लाइर' या नावासाठी एका मुलीला न्यायालयात जावे लागले आणि २०१३ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. मुलाची चेष्टा होईल अशा नावांपुरता अंकुश मला योग्य वाटतो. पण आपल्या किनाऱ्यावर दर्यासारंग म्हटले की मान वर होते, त्यात हसण्यासारखे काय आहे?

उत्तर (अलिबाग)
नाव मिळेलच, पण ते कागदावर कसे लिहिले जाते याकडे अधिक लक्ष द्या. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांसाठी महाराष्ट्रात बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आहे. इंग्रजी अक्षरांतले नाव घरी आधीच ठरवून कागदावर लिहून न्या, कारण ऐकून टंकलेले इतके लांब नाव हमखास चुकते. दाखला हाती येताच खिडकीसमोरच अक्षर न् अक्षर तपासा. शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत पुढे तोच दाखला लागणार आहे.