पित्ताशय काढल्यानंतर पचन बिघडले आहे, आयुर्वेदिक उपायांबाबत मदत हवी आहे

माझ्या आईचे पित्ताशय खड्यांमुळे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढले असून, जखमा भरल्या तरी जेवण होताच तिला पातळ शौचास जावे लागते आणि तळलेले खाल्ले की पोट फुगते. यकृतात पित्त तयार होतच राहते, पण साठवायला जागा नसल्याने ते सतत आतड्यात उतरते आणि मोठ्या आतड्यात पोहोचलेली पित्ताम्ले जुलाब घडवतात, असे सर्जननी समजावले. त्यासाठी पित्ताम्ले बांधून ठेवणारी कोलेस्टिरामिनची पूडही त्यांनी सुचवली आहे. आईचा ओढा मात्र आयुर्वेदाकडे आहे.

जिरेपूड घातलेले पातळ ताक तिला मानवते. शेजारच्या काकूंनी त्रिफळा चूर्ण सुचवले, परंतु ते सारक असल्याने जुलाबात देणे मला पटत नाही. अशा अवस्थेत जुलाबावरची कुटजघन वटी किंवा पोटफुगीवरचे हिंग्वाष्टक चूर्ण वैद्यांच्या देखरेखीखाली कोणी घेतले आहे का? हिंग्वाष्टक तुपात कालवून पहिल्या घासाबरोबर घेतात. पित्ताशय नसताना तेवढे तूप सोसते का? आईला थायरॉईडची गोळीही सुरू आहे आणि कोलेस्टिरामिन इतर औषधांचे शोषण कमी करते, म्हणून कोलेस्टिरामिन आणि आयुर्वेदिक औषधे असे दोन्ही उपचार एकत्र घेणाऱ्यांनी वेळा कशा सांभाळल्या, तेही कृपया सविस्तर लिहावे. कावीळ, ताप किंवा तीव्र पोटदुखी नाही.